कनेक्शन क्रमांक दोन

सोमवार, ३ तारीख

आज काय झालं, क्रमाने:

१. सकाळी सव्वानऊला ताईच्या घरी पोचले. दोन बॅगा, लॅपटॉप आणि एक कुंडी. कुंडी फुटली नाही.
२. ताईने दारातच मिठी मारली आणि किती वाळलीस म्हणून डोळ्यांना पदर लावला. माझं वजन दोन किलो वाढलंय.
३. भाऊजींनी मला ओळखलं नाही.
४. मला मागची खोली मिळाली. टेबल भक्कम आहे. फोनची तार याच खोलीत येते, त्यामुळे मॉडेमही इथेच भिंतीवर.
५. मी बॅग उपसत असताना ताई चहा घेऊन आली आणि मॉडेमवरची धूळ पुसत, लॅपटॉपवर काहीतरी बघत बराच वेळ बसली.
६. दुपारी इंटरनेट तीनदा तुटलं. ताई म्हणाली, घरात इंजिनिअरबाई आलीय, आता त्याची काय बिशाद आहे तुटायची.

उद्यापासून टेलिफोन कंपनीच्या मदत कक्षात रुजू व्हायचं. लोक फोन करणार, मी त्यांना मॉडेम जोडून देणार. जाहिरात ताईनेच पाठवली होती. शेवटच्या तारखेची आठवणही तिनेच तीनदा करून दिली. आई गेल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच एका छताखाली राहतोय. मला बरं वाटतंय. इथे लिहून ठेवते, कारण तिला हे मी सांगेन असं नाही.

भाऊजी शाळेत भूगोल शिकवायचे. बोलायला बसले की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. दोन वर्षांत त्यांचे शब्द एकेक करून गेले. डॉक्टरांना काहीच सापडत नाही. आज ते हातातल्या चमच्याकडे, हा कुणाचा असेल, अशा नजरेने बघत होते.

मंगळवार, ४

पहिल्याच दिवशी अकरा फोन. एका आजोबांनी मॉडेमच्या दिव्यांचं इतकं सुरेख वर्णन केलं की मला काही विचारावंच लागलं नाही.

संध्याकाळी इथल्या मॉडेमचं सेटिंगचं पान उघडलं. पासवर्ड अजून कारखान्यातलाच होता. ताईला रागावले. बदलून टाक आणि कुणालाही सांगू नकोस, म्हटलं. तिने वहीत टिपून घेतलं.

घरगुती मॉडेमला एक कनेक्शन पुरतं. इथे दोन आहेत. पहिलं साधं, इंटरनेटचं. दुसऱ्याची स्थिती: चालू. पाठवलेला डेटा सतत वाढतोय, मिळालेला शून्य. वापरकर्त्याच्या रकान्यात माझं नाव आहे, वडिलांच्या नावासकट.

ताई शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, दोन वर्षांपूर्वी तूच नाही का फोनवरून मॉडेम लावून दिलास, तेव्हाचं असेल काहीतरी. असेलही. तो फोन मला आठवतो. जुन्या नोकरीतली जेवणाची सुट्टी, वीस मिनिटं, तोंडात घास.

दुसरं कनेक्शन काढून टाकलं.

बुधवार, ५

ते परत आलंय. दोनदा काढलं, दोनदा आलं.

आज फोनवर एक शब्द सुचेना. भिंत आणि फोन यांच्यामध्ये लावतात ती छोटी डबी. मी डबीच म्हटलं, गिऱ्हाइकाला समजलं. फोन ठेवल्यावर आठवलं: फिल्टर.

जेवताना भाऊजींनी मीठ मागितलं. मीठ म्हणूनच. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बऱ्याच वेळाने आली.

शनिवार, ८

सुट्टी. सकाळी दहाला मोजणी केली. घरातली सगळी यंत्रं बंद, फक्त केबलने जोडलेला लॅपटॉप. तरीही दुसऱ्या कनेक्शनवरून काहीतरी जात होतं.

मनात गुणाकार केला. पाठवलेल्या डेटाचा आकडा भरभर वाढला. आईचं स्वयंपाकघर आठवलं, दारापासून सुरुवात करून एकेक वस्तू. आकडा उसळला. थांबले. पुन्हा आठवायला गेले तर ओट्याला रंग नाही. ओटा आहे. त्यावर आईचा हातही आहे. रंग नाही.

तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा हातही नव्हता.

बाहेर भाऊजी नद्यांची नावं म्हणत होते, उगमापासून मुखापर्यंत, आणि ताई हसत होती. मी आल्यापासून तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

सोमवार, १०

मॉडेम आपली नोंदवही स्वतः ठेवतो. काय बदललं, कधी बदललं. आज ती शेवटापर्यंत वाचली. कनेक्शन क्रमांक दोन, वापरकर्त्याचं नाव:

आधी कुणा अनोळखी माणसाचं.
मग दोन वर्षं भाऊजींचं.
गेल्या महिन्यात दोन दिवस ताईचं. मग परत भाऊजींचं.
त्यानंतर तीन वेळा माझं नाव टाकायचा प्रयत्न. तिन्ही नाकारलेले.
३ तारीख, सोमवार, सकाळी दहा चाळीस. माझं नाव. स्वीकारलं.

दहा चाळीसला मी बॅग उपसत होते. मला नोकरीची जाहिरात आली ती तिसऱ्या नकाराच्या दुसऱ्या दिवशी.

आणि भाऊजींचं नाव पडलं तो दिवस माझ्या त्या फोनचा. मॉडेम जुना होता, आधीच्या भाडेकरूने सोडलेला. वापरलेला मॉडेम हातात आला की आधी मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायची, सगळं पुसायचं, मगच पुढे. हे मी दिवसातून दहा जणांना सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही. ताई म्हणाली होती की इथे कुणा भलत्याच माणसाचं नाव दिसतंय. मी म्हटलं, काढ ते, भाऊजींचं टाक. पुढे. पुढे. हो म्हण. पुढे.

मंगळवार, ११

ताईला विचारलं. तिने कात्री खाली ठेवली नाही.

आधीच्या भाडेकरूची बायको गेल्या महिन्यात टपाल न्यायला आली होती, तिने सांगितलं म्हणे. तिचा नवरा असाच मुका होत गेला होता आणि ताई-भाऊजी या घरात आले त्याच आठवड्यात बोलायला लागला. मागच्या वर्षी गेला, पण तो अपघातात, शेवटपर्यंत बोलत होता. जाताना तिने ताईला विचारलं, मॉडेममध्ये आता कुणाचं नाव आहे.

रकाना रिकामा ठेवता येत नाही, ताईने ठेवून पाहिलाय. खोटं नाव चालत नाही. नवा माणूस सुरुवातीला घरात असावा लागतो, मग कुठेही गेला तरी चालतं. स्वतःचं नाव तिने टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी गॅस उघडा ठेवून, हा वास कसला, म्हणून विचार करत उभी राहिली. मी अशी झाले तर यांना भरवणार कोण, ते तूच सांग, म्हणाली.

मी म्हटलं, मग मी कशी चालले तुला.

तर म्हणाली, यांचं नाव टाकायला मला तूच लावलंस. बाईसाहेबांना घाई होती, जेवण गार होत होतं. आणि तुझ्यामागे आहे कोण, ना नवरा ना पोर. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी वेणी घालताना बोलायची त्याच आवाजात बोलली.

खोलीत येऊन तार भिंतीतून उपटली. तार माझ्या हातात होती आणि मॉडेमचा दिवा हिरवाच होता.

गुरुवार, १३

मदत कक्षातल्या साहेबांनी मला जागेवरून उठवलं. गिऱ्हाइकाने माझं नाव विचारलं आणि मी त्याला जरा थांबा म्हटलं. साहेब चांगले आहेत. मुली, पंधरा दिवस घरी जाऊन आराम कर, म्हणाले.

घरी.

शुक्रवार, १४

मॉडेमचं पान उघडेना. ताईने पासवर्ड बदललाय. मी सांगितलं तसं.

भाऊजी दाराशी आले. जेवलीस का, विचारलं. मग म्हणाले, तू पूर्वी मला फार चिडवायचीस. त्यांना यातलं काही माहीत नाही. ताई मागून लगबगीने आली आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेली.

रविवार, १६

सकाळी दोघं डॉक्टरकडे गेले. दुपारी येतो म्हणाले. पाच वाजले. कपाट रिकामं आहे. शिलाई मशीनही नाही. डॉक्टरकडे कुणी शिलाई मशीन नेत नाही.

मोठ्या रस्त्यापर्यंत गेले होते. बस आली. कंडक्टरने विचारलं कुठे, आणि —
चालत परत आले. दार उघडंच होतं.

सोमवार, १७

टाचणी. दहा सेकंद. सगळं पुसलं गेलं, नोंदवहीसुद्धा. पासवर्ड पुन्हा कारखान्यातला.
कनेक्शन दोन आपोआप आलं. माझं नाव. पण रकाना आता मला बदलता येतो.

साहेबांचं नाव लिहून पाहिलं. नको होतं लिहायला. जतन करायचं बटण पेटत नाही.
त्या गेलेल्या भाडेकरूचं — नाही.
भाऊजींचं: पेटतं.
ताईचं: पेटतं.

दाबलं नाही. दोन्ही पुसली. दुपारभर त्या बटणाकडे बघत बसले. तिने एकदा फोन केला तर —
उद्या.

मंगळवार, १८

फोन नाही. मी सात वेळा केला. कागदावर रेघा ओढल्यात म्हणून सात.

आईला किती मुली — दोन. दोन.

बुधवार, १९

ताई,
तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. पानाचा फोटो काढून पाठवेन, ते अजून येतं.

रकाना समोर उघडा आहे. काय करायचं ते मला कळतं, वर लिहिलेलं आहे. तुझं टाकणार आहे. भाऊजींचं नाही. त्यांनी जेवलीस का विचारलं होतं.

पण मी तुला ताईच म्हणत आले. सकाळपासून ही वही पानन्‌पान पाहिली. सगळीकडे ताई. सोमवारी मी ते लिहिलं होतं, बटण पेटलं होतं, आणि मी —

शुक्रवार, २१ तारखेपर्यंत कळव. संध्याकाळी पाचच्या आत. लिहून कळव, बोललेलं राहत नाही.
तुझं पूर्ण नाव काय आहे, आणि ते कसं लि