हातात चाळीस मिनिटं

ताई,

सहाशेपैकी चारशे किलोमीटर झाले. बोटं बधिर आहेत, पाठीने कालच माझ्याशी बोलणं टाकलंय. आमची वेळ नोंदवतात त्या केंद्रावर बसून, रस्त्याच्या नकाशामागे हे लिहितोय. पाठवणार नाही, हे तुला सांगायला नको.

तुमच्या दारावरून दुपारी जाईन, उगाच वाट पाहू नका, असं म्हणालो होतो. ते खोटं होतं. मी सकाळीच गेलो. तरी आबांची खुर्ची तू फाटकाबाहेर मांडलीच होतीस. येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्यासाठी ते टाळ्या वाजवत होते.

थांबलो तर पाय आखडतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे चाळीस तास सायकलवर बसायची माझी तयारी आहे, पण आबांच्या पलंगाशेजारी दहा मिनिटं माझ्याने बसवत नाही. तू तीन वर्षं बसली आहेस.

हेल्मेट होतं, गॉगल होता, तोंडाला फडकं होतं. वर मानही खाली घातली. आबांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. "शाब्बास," म्हणाले, "मागून माझा मुलगा येतोय, त्याला सांभाळून घ्या."

अकरा किलोमीटरवर हे केंद्र आलं. कार्डावर शिक्का मारणारे काका म्हणाले, "अजून चाळीस मिनिटं आहेत हातात. बसा निवांत."

बसलोय.

आत्ता तुझा मेसेज आला. "ऊन चढलंय, पण आबा आत येत नाहीत. कुठवर आलास?"

"बराच मागे आहे," एवढंच कळवलंय.

तुझा,
धाकटा