कानामागचा चट्टा

प्रिय लंबू,

अक्षर ओळखलंस ना? सहा वर्षांनी लिहितोय, तेही थेट समोर यायचं धाडस नाही म्हणून. फाडायचं तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी आनंदाची बातमी. नात सात महिन्यांची झाली, पण मी आजोबा झालो तो परवा मंगळवारी. त्या दिवशी तिला पहिल्यांदा उचललं. तिने माझी मिशी अशी धरली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिशीमुळेच आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. इतके महिने मी तिला दारातूनच बघत होतो. ती जन्मायच्या महिनाभर आधी माझ्या कानामागे आणि कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढरा कोंडा. आरशात पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, गजकर्ण.

माझी सवय तुला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं लोकांची डोकी या हातांखालून गेली, तेव्हा कातडीतलं मला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं अशी माझी खात्री. औषधाच्या दुकानातून मलम आणून चोळत राहिलो, चट्टे ढिम्म. मग टॉवेल वेगळा, साबण वेगळा, खुर्ची मुलाच्या हवाली आणि मी दुकानाच्या कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला. घरात बाळ रडलं की हात आपोआप पुढे व्हायचे, ते मी खिशात घालायचो. शेवटी सूनबाईने एक दिवस चप्पल माझ्या पुढ्यात ठेवली आणि मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी रुबाबात सांगितलं, गजकर्ण आहे, काहीतरी जालीम द्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि चट्टा सोडून माझी नखंच बघायला लागल्या. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत. मला वाटायचं, ते कामाने पडलेत. मग चट्टा खरवडून कोंडा काचेवर घेतला, यंत्राखाली पाहिला. बुरशी नाही. गजकर्णाचं बहुधा कडं असतं, कडेला लाली आणि मधला भाग निवळत जाणारा. माझा चट्टा सगळीकडे सारखा जाड, वर चंदेरी पापुद्रे, शिवाय कोपरं आणि नखं. हा सोरायसिस, म्हणाल्या. नुसत्या डोळ्यांनी आम्हीही फसतो, म्हणून खरवडून बघतो, असंही म्हणाल्या. तो येत-जात राहील, औषधाने आटोक्यात राहील, पण शिवल्याने कुणालाही होत नाही. जीव भांड्यात पडला रे. तिथून सरळ घरी आलो, हात धुतले आणि पाळण्यापाशी गेलो.

पण तपासताना बाईंनी एक विचारलं होतं, एवढ्या महिन्यांत घरात आणखी कुणाला झालंय का? मी नाही म्हणालो. आणि तू आठवलास.

तो शनिवार. दुकान भरलेलं. तुझे केस ओले केले, गळ्याला कापड बांधलं, कान वाकवला तर मागे असाच चट्टा. मी कापड झटक्यात काढून घेतलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, हे गजकर्ण आहे, बरं झाल्याशिवाय माझ्या खुर्चीत बसायचं नाही. वर तुझ्यादेखत कंगवा जंतुनाशकात बुडवला. शाळेत एका डब्यात जेवलेले आपण. तू एवढंच म्हणालास की हे दहा वर्षं आहे, बायकोला आजवर झालं नाही. बाईंनी जे विचारलं त्याचं उत्तर तू तेव्हाच दिलं होतंस. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. तू ओल्या केसांनी उठून गेलास.

तुझं-माझं दुखणं एकच, असं मात्र मी म्हणणार नाही. बघून निकाल द्यायची खोड मोडली. बाईंचा पत्ता मागे लिहिलाय, दाखवून ये. पण पत्र त्यासाठी नाही. बायको सांगते, तू बाजारात दिसतोस, केस घरीच कापतोस, डाव्या बाजूला पायऱ्या पडलेल्या असतात. त्या पायऱ्या माझ्यामुळे पडल्यात. मला माफ कर. आधी लिहिणार होतो, सुट्टीच्या दिवशी ये, दुकान बंद असतं, निवांत बसू. मग लक्षात आलं, तोही पळपुटेपणाच. तू शनिवारी ये, ऐन गर्दीत. त्याच खुर्चीत बस. कापड मीच बांधीन, आणि तेव्हा मी चुकलो होतो हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगीन. घरून केस ओले करून येऊ नकोस. ते मी करीन, आणि या वेळी कापूनच पाठवीन.

अजून म्हणवून घेऊ देत असशील तर,
तुझाच,
वस्तरा