साकव धरणारी बाई

मुंबई,
१२ जानेवारी १९८६

ती. गोदाआत्यास,

शिवाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. मी इथे खुशाल आहे. बाबांचा खोकला गेला का ते तूच लिही. ते स्वतः लिहितात तेव्हा काजूच्या मोहराची आणि बैलांची खुशाली कळवतात, स्वतःची नाही.

आमच्या थेटरात नवा इंग्रजी पिक्चर लागलाय. पाच जण आहेत आणि प्रत्येकाच्या अंगात एकेक करामत. एक डोंगराएवढा होतो. एकाला मैलभर लांबची कुजबुज ऐकू येते. एक विजेच्या तारा मुठीत धरतो, एक भिंतीतून आरपार जातो. पाचवी बाई आहे. ती नुसता तळहात वर करते आणि पडणारी वस्तू हवेत थांबते, मग ती आगगाडी असो की इमारत. एक म्हातारा या सगळ्यांना शोधून एकत्र आणतो. मग त्यांची आपसात जुंपते आणि इंटरवलच्या आधी भिंतीतून जाणारा तणतणत निघून जातो. पुढे दुश्मन त्या बाईला पकडून साखळीने बांधतो आणि शहराचा मोठा पूल पाडायला निघतो. उरलेले तिघे मार खातात. तेवढ्यात निघून गेलेला परत येतो आणि पब्लिक अशा शिट्ट्या मारतं की विचारू नको.

माझं इंग्रजी तुला माहीतच आहे, पण रोज दारात उभं राहून तोच खेळ पाहिल्यावर भाषेवाचून अडत नाही. माझ्या मनात आलं की यंदा शिमग्याला देवापुढच्या मांडावर, आपल्या नमनाच्या खेळात, याचाच वग करावा. आपल्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष रावजीकाका यांच्या कानावर घातलं, तेही खूश झाले. लिहायचं मात्र तू. आजोबांच्या वेळेपासून पडद्यामागे बसून सगळ्यांना वाक्यं पुरवत आलीस, आणि हल्लीचे वग कोणाच्या हातचे आहेत हे वाडीला ठाऊक आहे, पत्रकावर नाव मंडळाचं असलं तरी.

लोभ आहे तो असाच असू दे.

तुझा,
शिवा


कोंडवाडी, ता. लांजा,
२० जानेवारी १९८६

चि. शिवास,

गोदाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या बाबांचा खोकला गेला, विडी गेली नाही.

तुझा पिक्चर दोनदा वाचला. करणाऱ्यांना वाटत असेल की आपण काही नवीन काढलं. पहिला भाग म्हणजे आपलं नमन. एकेकाला नाव घेऊन मांडावर बोलवायचं आणि त्याची करामत दाखवायची, म्हणजे पुढे कोण कशाला उपयोगी पडणार हे बसलेल्याला कळतं. मग भांडण, म्हणजे आपली गवळण. थोडी ओढाताण झाली नाही तर माणसं विड्या ओढायला उठतात. एक जण निघून जातो तो मध्यंतरासाठी, चहा पिताना बोलायला विषय नको का? इथवर माझी काही तक्रार नाही.

माझं गाडं त्या बाईपाशी अडलं. पूल पडतोय आणि पडणारी वस्तू थांबवणारी पाचांत ती एकटी. तिला मोकळी ठेवली तर ती हात वर करील, पूल थांबेल आणि तुझं पब्लिक अर्ध्या तासात घरी जाईल. म्हणून तिला आधी बांधून ठेवली. दुश्मनाने नाही बांधली शिवा, लिहिणाऱ्याने बांधली. बाकीच्यांना काम उरावं म्हणून.

आणि तो परत येणारा. रुसून गेला, आयत्या वेळी उगवला आणि शिट्ट्या त्याला. जे पहिल्यापासून मार खात उभे राहिले त्यांचं काय? तुम्हा मुंबईकरांना तो आवडणारच. वर्षभर आम्ही इथे राबतो, मांड सारवतो, तालमी घेतो, आणि शिमग्याच्या आदल्या दिवशी एसटीतून उतरून राजाचा पार्ट तुम्ही घेता. तुझ्या तोंडावर बोलते आहे, रागावू नकोस. रागावलास तरी चालेल.

शेवट मात्र तू लिहिला नाहीस. तिची साखळी कोण सोडवतं? पूल कोण थांबवतं? ती नंतर काही बोलते का? ते कळव, म्हणजे लिहायला बसते.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे म्हणून बोलणं आहे.

गोदाआत्या


मुंबई,
२९ जानेवारी १९८६

ती. गोदाआत्यास,

शि. सा. नमस्कार. वि. वि. तू विचारलंस आणि मी अडचणीत आलो. शेवट मला माहीत नाही. डोअरकीपरला सुरुवात दिसत नाही, कारण उशिरा आलेल्यांना बॅटरी दाखवून खुर्च्यांवर बसवायचं असतं. शेवटही दिसत नाही, कारण शिट्ट्या सुरू झाल्या की दारं उघडायला धावायचं असतं. बाहेर पडणाऱ्या माणसांना विचारलं. सगळे त्या परत आलेल्याचंच सांगतात. बाईचं पुढे काय झालं ते एकालाही आठवेना. ऐकून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

रावजीकाकांनी पार्ट वाटून टाकलेत. परत येणारा ते स्वतः करणार. बाई नेहमीप्रमाणे वाडीतला केरूदादा, दर शिमग्याला मिशी उतरवून लुगडं नेसायची त्याला सवयच आहे. बांधायला खरीखुरी साखळी काका गोदीतून आणणार आहेत.

वग लवकर पाठव. आशीर्वाद असू दे.

शिवा


कोंडवाडी,
१० फेब्रुवारी १९८६

चि. शिवास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. वग झाला. रावजीला सांग, साखळी गोदीतच राहू दे.

पुलाच्या जागी मी साकव घेतलाय. पऱ्ह्याला पाणी चढून त्यावरचा साकव गेला की दोन्ही काठांची माणसं कशी तुटतात हे आपल्याकडे पोराटोरांनाही कळतं. बाईला बांधलेलं नाही. मग वग लवकर संपेल, म्हणशील. नाही संपत, कारण साकव एकदा धरला की सोडता येत नाही. वरून सगळी वाडी पार व्हायची आहे, म्हातारीकोतारी, गुरं, एक वऱ्हाडसुद्धा घातलंय. ती खाली धरून उभी आणि तिघांनी माणसं पलीकडे न्यायची. पिक्चरवाल्यांना वाटतं, हात वर केला की झाली करामत. धरून ठेवणं ही करामत आहे, आणि ते दाखवायला वेळ लागतो. घे तुझा मध्यंतरानंतरचा तिसरा भाग.

परत येणारा माझ्याकडेही आहे. त्याच्या हातात मी बत्ती दिलीय. माणसांना अंधारात पाय टाकायला उजेड लागतो, तो त्याने धरावा आणि गप्प उभं राहावं.

केरूला वाचून दाखवला. त्याने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, गोदाबाय, बांधून घ्यायला मी हाय, पन साकव माझ्या खांद्यावर कोनाला खरा वाटंल? सड्यावरून लाकडाचे भारे तुमीच आनता. यंदा तो मिशी उतरवणार नाही. डोंगराएवढा होणारा तो करील.

ती बाई मी करणार आहे.

तुझ्या बाबांनी हे ऐकलं आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले, नुकतंच पाजलेलं असताना. पण नको म्हणाले नाहीत.

लोभ वाढावा, भीती कमी व्हावी.

गोदाआत्या


मुंबई,
२३ फेब्रुवारी १९८६

ती. गोदाआत्यास,

शि. सा. नमस्कार. वि. वि. मंडळाची सभा झाली. तुझं पत्र मी वाचून दाखवलं ते चुकलंच. रावजीकाका म्हणाले की देवाच्या मांडावर बाई उभी राहिलेली त्यांच्या बापजाद्यांनी पाहिली नाही आणि तेही पाहणार नाहीत. ठराव झालाय. मुंबईहून यंदा कोणी नमनाला येणार नाही. जो जाईल त्याने गावकीच्या खोलीतली आपली वळकटी उचलावी. आत्या, मला थेटरात त्यांनीच चिकटवलं आणि झोपायला जागाही त्यांच्याच शब्दावर मिळाली. मी येऊ शकणार नाही.

तू एवढं ऐक. पार्ट केरूदादाला दे. साखळी नको असेल तर दोरीने बांधतील, तीही सैल. मिटवून टाक.

रागावू नकोस.

शिवा


कोंडवाडी,
३ मार्च १९८६

चि. शिवास,

आशीर्वाद. सैल दोरीबद्दल आभारी आहे.

तुझी वळकटी तू सांभाळ. शहरात पाठ टेकायला जागा लागते, हे मला कळतं आणि त्याचा राग नाही. पण मला समजुतीच्या गोष्टी सांगू नकोस. मांड आम्ही सारवायचा आणि वाळला की त्यावर पाऊल ठेवायचं नाही, हे मी आजवर ऐकलं. आता ऐकणार नाही. शेणाच्या हाताने मांड बाटत नाही तो पायाने कसा बाटेल, हे रावजीने ठरावात लिहून पाठवावं.

रावजी येणार नाही म्हणून नमन राहणार नाही. मृदंग तुझे बाबा वाजवणार आहेत. स्वतःहून म्हणाले. साकव केरूने खऱ्या बांबूंचा केलाय, मांडाच्या कडेला दोन बांधांच्या मध्ये, माझ्या खांद्याएवढा उंच. बत्ती धरायला कोणी नाही, ती खुंटीला टांगू.

तू मध्यंतरात उठून गेलास, एवढंच झालंय. चहा पी.

माया जिथली तिथे आहे.

गोदाआत्या


कोंडवाडी,
४ एप्रिल १९८६

चि. शिवास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

नमनाच्या रात्री तू न कळवता आलास आणि पहाटेच्या एसटीने गेलासही. धड बोलणं झालं नाही. बत्तीचा उजेड थेट डोळ्यांवर असल्याने मला समोरचं काही दिसलं नाही. कसा झाला वग, ते तू लिही. वाडीतले चांगला झाला म्हणतात, पण ते बाराव्याच्या जेवणालाही चांगलं म्हणतात. खरं काय ते लिही. आणि वळकटीचं काय झालं तेही.

काळजीत आहे.

गोदाआत्या


मुंबई,
१३ एप्रिल १९८६

ती. गोदाआत्यास,

शि. सा. नमस्कार. वि. वि. आधी वळकटीचं. ती जिन्यात ठेवलेली मिळाली. आता थेटरातल्या एका सोबत्याकडे राहतो, ढेकूण तेवढेच आहेत. नोकरी आहे. रावजीकाका रस्त्यात भेटले. परत येणाऱ्याचा पार्ट कोणी केला, असं त्यांनी विचारलं. मी केला म्हटलं. शिट्ट्या पडल्या का, म्हणाले. एकही नाही म्हटलं.

आता वग. मी एसटीतून उतरून थेट मांडावर आलो. तू खुंटीवरची बत्ती काढून माझ्या हातात दिलीस आणि साकवाखाली जाऊन उभी राहिलीस. मी काय करायचं ते मला पाठ होतं. तूच लिहिलं होतंस, धरायची आणि गप्प राहायचं.

वगातली म्हातारी हौसाकाकी करत होत्या. त्यांना पाठीवर घेऊन केरूदादा साकवाच्या मध्यावर आला आणि डावीकडची बांधणी सुटली. ते वगात नव्हतं. सगळा भार तुझ्या उजव्या खांद्यावर आला. लोकांना वाटलं, वाहवा, काय सोंग आहे. बाबांचा मृदंगही थांबला नाही. मी हातभर अंतरावर होतो. मला तुझे पाय मातीत रुतताना दिसले. बत्ती खाली ठेवून मी धावणार होतो, आत्या. वाकलोच होतो. तू वाक्य म्हणता म्हणता माझ्याकडे पाहिलंस, लहानपणी मी अर्ध्या जेवणातून उठायला लागलो की पाहायचीस तसं. मी बत्ती उचलली आणि सरळ धरली. केरूदादा पार झाला. मागच्यांना काही कळलंच नव्हतं, तेही एकेक करून तुझ्या खांद्यावरून पार झाले. शेवटच्या माणसाने पलीकडे पाय टेकला तेव्हा तू वाक्य पुरं केलंस आणि मग बांबू खाली ठेवलेस.

शिट्टी खरंच वाजली नाही. पण विडी ओढायलाही कोणी उठलं नाही. मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली.

काल सोबत्याला दारं उघडायला सांगून पिक्चरचा शेवटही पाहिला. परत आलेला साखळी तोडतो. बाई हात वर करते. पण त्या वेळी पडद्यावर त्या माणसाचंच तोंड दाखवतात, एवढं मोठं. पूल थांबतो तो दिसतच नाही. मला राहवलं नाही. अंधारात मोठ्याने म्हणालो की उजेड तिच्यावर धरा. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. पडद्यावर धरलेली बॅटरी मी विझवली नाही.

खांद्याला मिठाचा शेक दे. अक्षर का वाकडं आलं, ते मी बाबांना कळवलेलं नाही. बत्तीचा पार्ट यापुढे माझा समजावा आणि दुसऱ्या कोणाला देऊ नये, एवढा लोभ असावा.

तुझा,
शिवा