हेडफोन काढून घेतला

बाबा,

तुमचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

फुटबॉल संघाच्या आक्रमणाच्या चाली ठरवायला मला इथे ओहायोत आणलं, तेव्हा पेट्रोलपंपावरचे लोकसुद्धा म्हणायचे, "वेंडेल, आता तूच आमचा तारणहार!" त्यानंतर आम्ही सलग सहा सामने हरलो.

शनिवारी मुख्य प्रशिक्षक ब्रॅनिगननी भर मैदानात माझ्या कानांवरचा, चाली सांगायचा हेडफोन काढून घेतला. म्हणाले, "उरलेल्या चाली मी सांगतो. तू नुसता उभा राहा."

मी उभा राहिलो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचा सामना आईला टीव्हीवर बघू देऊ नका. लोकांची हुर्यो तिला सोसवणार नाही.

तुमची सून काल विचारत होती, नव्या घराला पडदे शिवायचे का. मी म्हटलं, राहू दे.

तुमचाच,
वेंडेल