तिसरा दगड

कुंभकोणम्,
ता. १४ जून १९३५

चि. सौ. अंबुजा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा ताप उतरला, वजन थोडं वाढलं, हे वाचून फार बरं वाटलं. अप्पांनी पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. चष्मा नाकावर असतो, पण म्हणतात, "तू वाच. तुझ्या आवाजात पोरगी बोलल्यासारखी वाटते." दूध घेतेस ना? तिकडच्या डोंगरावरच्या दवाखान्यात आपल्यासारखी कॉफी मिळत नसेल, तरी नाक धरून घे.

इकडची बातमी एकच. तुझी काचेची टाकी सध्या आपल्याकडे आली आहे. तुमच्या घराला चुना काढताहेत. सामान हलवताना काच फुटायची, म्हणून विहीणबाईंनी बैलगाडीतून पाठवली. तुझी मोठी ट्रंकही आली, ओल लागू नये म्हणून. नाचियारकोविलच्या समईवाल्याकडून तुम्ही करवून घेतलेली पितळी चौकट मी उजळून काढली आहे. माशांची काळजी करू नकोस. ते पाण्यातच आहेत.

टाकीतलं सगळं मी स्वच्छ केलं. दगड चिंच आणि राख लावून घासले. त्यांच्यावर काय बुळबुळीत थर होता गं, हाताला लागला की शिसारी येत होती. ते चिंचेचं काळं मूळही नारळाच्या काथ्याने घासून गच्चीवर उन्हात घातलं. पापडसुद्धा वाळत नाहीत इतकं ते खडखडीत वाळलं. तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस.

दगड मात्र दोनच आले. तिसरा गाडीत कुठे घरंगळला की मागे राहिला, कळलं नाही. आपल्या गावाच्या मातीत दगड उगवत नाही, देवळांचासुद्धा बाहेरून आणलेला, त्यामुळे दुसरा कुठून आणावा हा प्रश्नच आहे. ते तीन दगड तुम्ही तिरुच्चीहून आणलेत तेव्हाची गंमत तू सांगितली होतीस. सुंदरेशराव मांडीवर दगड घेऊन आगगाडीत बसले होते आणि समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "देव आहे का?" तर म्हणाले, "नाही, बायकोचा हट्ट आहे." अप्पा भेटेल त्याला ते सांगायचे. हल्ली नाही सांगत.

सुंदरेशराव कोर्टाच्या कामात असतात. इकडे येणं झालेलं नाही.

टाकी पुन्हा कशी मांडायची ते सवडीने कळव. वाळू आधी की दगड आधी, मूळ कुठे टेकवायचं, मला काहीच ठाऊक नाही. पण लिहून दमू नकोस. डॉक्टरांनी आम्हाला बजावलं आहे की तुला डोक्याला ताप होईल असं काही कळवायचं नाही. म्हणून हे टाकीचंच लिहिते.

तुझी,
आई

—

कुंभकोणम्,
ता. ४ ऑगस्ट १९३५

चि. सौ. अंबुजा हिस आईचे आशीर्वाद.

"आई, तू माझं तळं धुऊन टाकलंस." तुझ्या पत्रातलं हे वाक्य वाचून आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. तो बुळबुळीत थरच पाणी निरोगी ठेवतो, हे मला कसं कळणार? आपण भांडं काळं दिसलं की घासतो. लहानपणापासून हात दुसरं काही शिकलेच नाहीत.

आणि मूळ! तू लिहिलंस तसंच झालं. अरसलार नदीच्या पात्रात कोण जाणे किती वर्षं बुडालेलं, तुझ्या टाकीतही शहाण्यासारखं तळाशी बसलेलं ते लाकूड आता उन्हात वाळल्यापासून बुडायला तयार नाही. पाण्यात दाबलं की खाली जातं, हात काढला की वर येतं आणि चारी फांद्या पसरून तरंगत राहतं. अप्पा म्हणाले, "इतकी वर्षं पाण्यात काढून शेवटी पोहायला शिकलं बघ." तू सांगितल्याप्रमाणे त्याला एका दगडाशी सुतळीने बांधून ठेवलं आहे. पाणी चहासारखं तांबडं होतं. मी थोडं काढते, थोडं घालते. तुझ्या सांगण्यावरून सगळं एकदम बदलत नाही. हात शिवशिवतात, पण बदलत नाही.

शेजारची अलमेलू रोज एकदा डोकावते. परवा म्हणाली, "अक्का, वाळू झाली, गवत झालं. आता मासे आणलेत की मला मांजर पाळावी लागेल." मी म्हटलं, "तुझ्या घरात तू आहेस ना, मांजर कशाला?" दिवसभर ती रागावल्यासारखी फिरत होती, संध्याकाळी वाटीभर रव्याचं उप्पिट घेऊन आली.

काल आडी महिन्याचा अठरावा दिवस, नदीच्या पुजेचा. कावेरी दोन्ही काठ भरून चालली आहे. बायका हळदीचा दोरा, काळे मणी, चित्रान्नाचे डबे घेऊन घाटावर. तुझ्या नावाने मी दिवा सोडला. अप्पांनी हट्टाने दोन घागरी पाणी टाकीसाठी आणलं. म्हणाले, विहिरीच्या खाऱ्या पाण्यात पोरीचं गवत जगणार नाही. पाणी नुसतं गढूळ. मग निवळीची बी घागरीच्या आत घासली आणि रात्रभर ठेवलं. सकाळी माती खाली बसली होती आणि वर पाणी इतकं नितळ, की घागरीचा तळ दिसत होता.

गवताची मात्र वाईट अवस्था आहे. कालव्यातून आणलेली लांब पात्यांची जुडी वाळूत लावली, तर पानं विरघळून चालली. बोट लावलं की हातात येतात. मी उपटून फेकणार होते, पण तू लिहिलंस, पानं गेली तरी मुळं हलवू नकोस. हलवली नाहीत.

मागच्या खोलीला अप्पा मोठी खिडकी पाडून घेताहेत. त्यांना हल्ली फार उकडतं. टाकी त्याच खोलीत ठेवली आहे, पण उन्हाच्या झोतात नाही, म्हणजे पाणी हिरवं होणार नाही.

तुझ्या घरचं सगळं ठीक आहे. चुन्याचं काम चालूच आहे.

तुझी,
आई

—

कुंभकोणम्,
ता. ३० सप्टेंबर १९३५

चि. अंबूस,

आज नेहमीसारखी सुरुवात जमली नाही. पाकीट आधीच लिहायला घेतलं होतं. त्यावर तुझं सासरचं नाव घालायचं की माहेरचं, इथेच इतका वेळ अडले की शाई टाकावर वाळली. शेवटी नुसतं अंबुजा लिहिलं. तिकडे दुसरी अंबुजा नसेल.

तुझी सगळी पत्रं काल काढून वाचली. लाकूड, मुळं, पाणी, वाळू धुवायची की नाही, सगळं तू विचारलंस आणि सांगितलंस. टाकी इकडे का आली हे मात्र एकदाही विचारलं नाहीस. ती परत केव्हा न्यायची हेही नाही. चुना काढायला चार महिने लागत नाहीत. तुला हे कळत नाही असं समजून मी लिहीत राहिले, आणि मला लिहिता यावं म्हणून तू कळत नसल्यासारखी वाचत राहिलीस. कोण कोणाला जपत होतं, अंबू?

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचं पत्र आलं. कार्तिकात तुला घरी पाठवतील. ते पत्र सुंदरेशरावांच्या नावाने गेलं होतं, तिथून ते इकडे आलं. त्यामुळे आता आणखी लपवून चालणार नाही. स्टेशनवर उतरल्यावर गाडी कुठल्या रस्त्याला वळते हे पाहून तुला कळावं, असं मला नको आहे.

आवणी महिन्यात सुंदरेशरावांचं दुसरं लग्न झालं. मुलगी पट्टीश्वरमची. नाव मी विचारलं नाही.

विहीणबाई जूनच्या सुरुवातीलाच आल्या होत्या, टाकी येण्याआधी. आत कूडमात, मधल्या दालनातल्या झोपाळ्यावर बसल्या, कॉफी घेतली, मग म्हणाल्या, "विशालाक्षीबाई, तुमच्या मुलीला आम्ही काही कमी पडू देणार नाही. पण घराला मूल हवं. आणि छातीचं दुखणं म्हणजे आज बरं, उद्या काय, कोणी सांगावं."

अप्पा बाहेर तिण्णैवर, ओट्यावर बसले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "मुलाला विचारलंत?"

"तो माझ्या शब्दाबाहेर नाही."

"मग त्याला पाठवा. माझ्या दारात उभं राहून त्याने सांगू दे."

तो आला नाही. बैलगाडी आली. ट्रंक मी त्याच दिवशी उघडली होती. तुझ्या साड्या होत्या आणि तळाशी लग्नातली लाल लाकडी बाहुल्यांची जोडी, तुझ्याच जुन्या परकरात गुंडाळलेली. आता नवरात्राचा कोलू, बाहुल्यांच्या पायऱ्या, मांडला आहे. अप्पा म्हणाले, जोडीसुद्धा मांड, ती आपण दिलेली आहे, आपल्याच घरची आहे. मांडली.

मासेही नाहीत. गाडीवाल्याने वाटेत महामहमच्या तळ्यात सोडले. मी पाण्यातच आहेत असं लिहिलं, ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आणि सुंदरेशराव येऊन गेले. लग्नानंतर, दुपारी, गल्लीत कोणी नसताना. पंचात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला वाटलं फळं असतील. मी काय काय बोलायचं ते इतके महिने ठरवून ठेवलं होतं, भांडी घासताना मोठ्यानेसुद्धा म्हणायची. दारात तो उभा राहिला तर हडकलेला, दाढी वाढलेली. मी आत गेले आणि कॉफी केली. अप्पा उठून मागच्या अंगणात गेले, ते तो जाईपर्यंत आले नाहीत.

त्याने टाकीपाशी बसून बराच वेळ पाहिलं. मग पंचा सोडला. आत तिसरा दगड होता.

"मामी, हा मी ठेवून घेतला होता," म्हणाला.

मी म्हटलं, "मग आता का आणलास?"

"तिकडे कोणी विचारलं तर काय सांगू? कशाचा दगड म्हणून?"

जाताना उंबऱ्यात थांबला. मला वाटलं आता तुझी चौकशी करेल. तर म्हणाला, "पाणी सगळं एकदम बदलू नका. ती थोडं थोडं बदलायची." एवढंच. तो वाईट आहे असं अजूनही माझ्याने लिहवत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

हे वाचून तुला ताप चढला, खोकला वाढला, तर तो माझ्या शब्दांमुळे असेल, हे मला ठाऊक आहे. नर्सबाईंना जवळ बसवून घे. रडायचं असेल तर रड, पण दूध चुकवू नकोस.

आता टाकीचं. कालव्यातल्या गवताला नवीन पानं फुटली आहेत. पहिल्यासारखी नाहीत, अरुंद आहेत आणि रंग थोडा पोपटी. अलमेलूने शेताच्या चरातून बारीक मासे आणून दिले, फडक्यात गाळून, सोवळं बाजूला ठेवून. वर मला म्हणते, "मांजरीचं नाव आता अंबूच येऊन ठेवेल." तू येणार म्हणून तिने मुलांना आत्ताच तंबी दिली आहे की अंबूअक्काच्या खोलीत दंगा करायचा नाही. मी तिला म्हटलं, मुलांना पाठवायचं की नाही ते नीट विचार कर. तर ती म्हणाली, "डॉक्टरने बरी म्हटलंय ना? मग तुम्ही कशाला आजारी करता?"

मागच्या खोलीची खिडकी झाली. अप्पांना कधीच उकडत नव्हतं. तुझ्या हवेसाठी ती आहे. टाकी तुझ्या खाटेवरून दिसेल अशी ठेवली आहे.

परवा सकाळी मुळाची सुतळी कुजून तुटलेली दिसली. मला वाटलं, आता पुन्हा वर येणार. अप्पांना हाक मारली. दोघंही बघत उभे राहिलो. मूळ जागचं हललं नाही. मी बोटाने जरा ढकलून पाहिलं, तर जड लागलं, आणि होतं तिथेच बसलं. त्याला आता कशालाही बांधायला नको.

तिसरा दगड मी आत ठेवलेला नाही. विहिरीच्या कठड्यावर आहे. घासलाही नाही, जसा आला तसाच आहे. तो टाकीत घालायचा, की त्यावर कपडे आपटायचे, की अप्पांना कोल्लिडम नदीत टाकून यायला सांगायचं, ते तू येऊन ठरव. तू काहीही ठरवलंस तरी या घरात कोणी का म्हणून विचारणार नाही. तोवर टाकीत त्याच्यापुरती वाळू मोकळी ठेवली आहे.

स्टेशनवर अप्पा आणि मी दोघंही येऊ. गाडी आपल्या गल्लीकडेच वळेल.

तुझ्या घरून,
तुझी आई
विशालाक्षी