चाकाजवळचा लाल दिवा

९ फेब्रुवारी, सोमवार

चि. भिंगरीस,

दादाचे अनेक आशीर्वाद.

हात काळे करून पोट भरणाऱ्या तमाम मंडळींनो, आपली तक्रार एकच आहे. ज्या यंत्रात बोटं आपण घालतो, त्याचा आराखडा काढताना आपल्याला कुणी विचारत नाही!

हसलीस ना? हसणारच. तुझी वहिनी आत्ताच चहाचा कप आदळत म्हणाली, "बहिणीला पत्र लिहिताय की गेटवर भाषणाला उभे आहात?" तिला म्हटलं, श्रोता एकच असला म्हणून तक्रार लहान होत नाही. आणि ही तक्रार तुझी-माझी दोघांची आहे. बाबांच्या गॅरेजपासूनची.

आधी खुशाली. वहिनीचा गुडघा बरा आहे, जिने चढताना तो मला शिव्या देतो एवढंच. तू गॅलरीत ठेवून गेलेलं रोपटं जगलंय. मी पाणी घालायला विसरतो आणि ते मरायला विसरतं, असा आमचा समझोता आहे. कारखान्यात मला अजून 'भोंगा'च म्हणतात. तुझ्या तंत्रशाळेतली पोरं तुला काय म्हणतात ते कळव. काहीतरी ठेवलं असणारच, आणि तुला ते माहीतही असणार.

आता मुख्य बातमी. मुकी रस्त्यावर येतेय.

हो, आपली मुकी. विजेवरच्या शर्यतीच्या दुचाकीला ते नाव तूच ठेवलंस. पहिल्या दिवशी ती शेडमधून बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे पेट्रोलवर वाढलेले गडी कान टवकारून उभे, आणि ही आपली निमूट. तू म्हणालीस, "मुकी आहे बिचारी, पण मनात खूप आहे तिच्या." आता तिचीच धाकटी बहीण असेंब्लीच्या पट्ट्यावर माझ्यासमोर उभी राहतेय. दिवे, आरसे, मागे बसणाऱ्यासाठी सीट, सगळा संसार घेऊन.

गेल्या आठवड्यात एक गाडी मी स्वतः उघडली. बॅटरीच्या खणांमध्ये तुझी पट्टी आहे! आठवतं? आठ फेऱ्यांची शर्यत, आणि सहाव्या फेरीला बॅटरी तापली की गाडी आपणहून ताकद आवरती घ्यायची. आपला शर्यतपटू, सुसाट, हातमोजे फेकून ओरडला होता, "ही गाडी आहे की म्हातारी? चढ दिसला की बसते!" तू त्याला पाणी पाजलंस, शांत केलंस, आणि तीन आठवड्यांत खणांच्या मधून पाणी फिरवणारी ती पातळ पट्टी केलीस. आता भर उन्हात सामान लादून घाट चढणारा कुणीही माणूस त्या पट्टीच्या जिवावर चढणार आहे, आणि त्याला तुझं नाव ठाऊक नसणार. मूठ पिळली की पहिल्या पाव वळणात गाडी कशी अलगद निघते, तेही तुझंच. ओल्या ट्रॅकवर सुसाट तीनदा आडवा झाला म्हणून तू ते बसवलंस. आता ओल्या रस्त्यावर कुणाची तरी लेक पहिल्यांदा गाडी शिकताना आडवी होणार नाही.

शर्यत म्हणजे श्रीमंतांचा तमाशा, असं मी गेटवर उभा राहून बोललो होतो. पाच वर्षांपूर्वी, भर सभेत. ते शब्द मागे घेतो. ट्रॅक म्हणजे रस्त्याची शाळा आहे. गाडीने तिथे आधी मार खायचा, म्हणजे रस्त्यावर माणसाला खावा लागत नाही.

पण मुख्य गोष्ट रस्त्यावरच्या गाडीत नाही. तुझा दिवा.

त्याबद्दल परवा बैठक झाली. मीही होतो. कंटाळवाणी होती. बाकी उद्या लिहितो. वहिनी ताट वाढून बसलीय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कालचं वाचलं. बैठक कंटाळवाणी नव्हती. तुझ्याशी लबाडी करायची सवय लागली की ती शाईतूनही उतरते.

डिझाइनचे साहेब भिंतीवर एकेक चित्र दाखवत होते, शर्यतीतून काय घेतलं आणि काय सोडलं याचं. 'सोडलं' या रकान्यात तुझी दोन कामं होती, दोन्ही इस्पितळातून पाठवलेली. एक, गाडी तीस सेकंद जागची हलली नाही की मोटरचा पुरवठा आपोआप तोडायचा, आणि परत हवा असेल तर ब्रेक धरून बटण दाबायचं. दुसरं, तो दिवा. मोटर जागी आहे तोवर मागच्या चाकाजवळ जळणारा लाल दिवा. हॅंडलवर नाही, चाकाजवळ. कारण तू त्या चित्राखाली लिहिलं होतंस: 'जिची बोटं चाकात असतात तिला हॅंडल दिसत नाही.' उजव्या हाताने लिहिलेली ती अक्षरं, डावखुऱ्या माणसाची, कशी हेलकावत होती! शर्यतीच्या गाडीवर पोरांनी ते दोन्ही त्याच आठवड्यात बसवलं.

विक्री विभागाच्या बाई म्हणाल्या, "सिग्नलला उभा राहिलेला माणूस तीस सेकंदांनी परत बटण दाबत बसेल? तो चिडेल."

मी म्हटलं, "ब्रेक त्याने धरलेलाच असतो, बाई. अंगठा तेवढा हलवायचा. आणि ज्याच्यासाठी दिवा हवाय तो सिग्नलला नाही, तो कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आहे. साइड स्टँड लावला की तुमची मोटर बंद होते, ठीक. पण तो मधल्या स्टँडवर गाडी चढवणार, मागचं चाक अधांतरी. चावी चालू की बंद ते गाडीवाल्याला ठाऊक. तो पंचवीस वर्षं एकच गोष्ट करत आलाय, आवाज नाही म्हणजे गाडी बंद. त्याला कोण सांगणार की ही मुकी आहे?"

चांगलं बोललो होतो गं. दोघांनी माना डोलावल्या. मग साहेबांनी फाइल उघडली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या भावना समजतात, बहीण आहे. पण तो अपघात यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. चौकशीत लिहिलंय, संबंधित मेकॅनिककडून चावी बंद करण्यात हयगय. एकाच्या हयगयीसाठी सगळ्यांची गाडी बदलायची का?"

आणि भोंगा बंद पडला. दोन-दोन तास पाणीही न पिता बोलणारा मी, समोरचे कागद गोळा करून खाली बसलो. घरी आलो तर वहिनी म्हणाली, "काय हो, आज घसा बसला वाटतं?" मी म्हटलं, थंडी बाधली. माझी पुस्तकांची दोन कपाटं तुला माहीत आहेत. रविवारी दिवसभर त्यांच्यासमोर बसलो. अन्यायावर माझ्याकडे चाळीसेक पुस्तकं आहेत. सगळी दुसऱ्याने केलेल्या अन्यायावर.

बाबा आठवतात का तुला, कान लावायला शिकवताना? पेचकसाचं टोक इंजिनवर, मूठ कानाला, डोळे मिटून. "यंत्र खोटं बोलत नाही, नीट ऐका," म्हणायचे. तू सात वर्षांची असशील, एका फटफटीला पेचकस लावून गंभीरपणे म्हणालीस, "बाबा, हिला सर्दी झालीय." आणि खरंच झडप चिकटत होती! बाबा महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. मी तेव्हा सोळाचा, जळून खाक. नंतर कान मीही तयार केला. तीस वर्षं त्या कानावर खाल्लं. सबंध असेंब्लीत माझ्या कानाला मान आहे.

त्या दिवशी ट्रॅकवर मी कानच लावला होता.

आता लिहितो. तू मागच्या चाकाशी बसली होतीस, चेन ताणत. त्याआधी दहा मिनिटं सुसाटने विचारलं, "दादा, बॅटरी किती भरलीय बघा ना." मी पडद्यावर आकडा बघायला चावी फिरवली. एक्क्याण्णव टक्के. तो आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला सांगितला, आणि चावी तशीच ठेवली. पेट्रोलच्या गाडीत चावी फिरवली म्हणून काय होतं? किक मारल्याशिवाय ती लोखंडच. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक होतं.

मग तू न बघता विचारलंस, "दादा, बंद आहे ना?"

मी ऐकलं. काही आवाज नव्हता. म्हणालो, "बंद आहे." आणि गाडी डळमळू नये म्हणून हॅंडलची मूठ घट्ट धरली. धरताना ती फिरली.

पुढचं तुला माहीत आहे. नाही, तुला सगळं माहीत नाही. चौकशीवाल्यांनी मला विचारलं, "चावी चालू कुणी ठेवली?" तू तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीत होतीस. मी म्हणालो, "मी पाहिलं नाही. गाडी तिच्या ताब्यात होती." दुसरं वाक्य खरं होतं. म्हणून तर पहिलं खपलं.

तू शुद्धीवर आल्यावर कधीच काही विचारलं नाहीस. पहिल्या दिवशी फक्त म्हणालीस, "मीच विसरले असेन, दादा." मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला. हात फिरवला, तोंड उघडलं नाही. डाव्या हाताच्या त्या दोन बोटांबरोबर तुझी टीम गेली, ट्रॅकशेजारच्या पिटमधली जागा गेली, आणि दीड वर्षं तू स्वतःला विसराळू समजत फळ्यावर खडू चालवतेस. प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी म्हणे सांगतेस, "माझ्यासारखी हयगय करू नका." हे मला वहिनीकडून कळलं. तिला तू सांगितलंस. मला नाही. मला का नाही, हे मी विचारत नाही.

भिंगरी, हयगय तुझी नव्हती. खरं तर एकट्या माझीही नव्हती, पण हे म्हणायचा अधिकार मला आधी 'माझी होती' असं म्हटल्यावरच मिळतो. तीस वर्षं तयार झालेला कान फसला, तर तो कोपऱ्यावरचा पंक्चरवाला फसणारच. दिव्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही, आणि तो पुरावा दीड वर्षं माझ्या खिशात होता. तुझ्या दिव्याला विरोध साहेबांनी नाही केला. मी केला.

आज सकाळी चौकशी विभागात नवा जबाब लिहून दिला, सही करून. नक्कल सोबत जोडलीय. फोरमनपणाचं काय व्हायचं ते होईल. युनियनच्या पोरांनाही जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. कुणी घोषणा दिली नाही. वहिनीला सांगितलं तेव्हा तिने हातातली कढई घासून पालथी घातली. मग म्हणाली, "आधी तिला लिहा. मग माझ्याशी बोला." म्हणून सध्या घरात मी आणि ते रोपटं एकमेकांशी बोलतो.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मी स्वस्तात सुटेन. चिड. वर्षभर चिड. रोपटं परत मागून घे.

पण एक काम कर. ज्या गाड्या अजून बनायच्या आहेत त्यांच्यासाठी. आराखड्यावर शेवटचा शिक्का पडायच्या आधीची बैठक शुक्रवारी, वीस तारखेला, सकाळी अकराला आहे. दुसरा मजला, खिडकीकडची खोली. नव्या जबाबामुळे साहेबांनी तुला बोलवायला होकार दिलाय. बोलावणं या पत्रासोबत आहे. तू भाषण करू नकोस, ते आपल्या घरात एकालाच लागतं. हात दाखवू नकोस, तो कुणाला दाखवायचा ते तूच ठरव. गाडी मधल्या स्टँडवर उभी असेल. मागच्या चाकाशी जा, माझ्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू येईल असं एकदाच विचार: "दादा, बंद आहे ना?"

या वेळी मी आधी चावी बघेन.

उत्तर द्यायचं राहिलेला,
तुझा दादा