दुसरा टॉवेल

चिमणे,

बाबा गेल्यावर तू तिकडे परदेशात बोलावलंस, पण मी आपल्याच देशातला हा शांत किनारा निवडला. इथे कुणाला काही सांगावं लागणार नाही, असं वाटलं.

सत्तावीस वर्षं सहलींच्या ऑफिसात लोकांच्या खोल्या बुक केल्या. स्वतःचा फॉर्म भरताना सवयीने हात ‘माणसं दोन’ लिहून गेला.

खोली आवरणाऱ्या काकू रोज दोन कप, दोन टॉवेल ठेवतात. “साहेब पहाटेच फिरायला जातात वाटतं,” म्हणाल्या. मी हो म्हटलं.

खिडकीतून समुद्र अख्खा दिसतो. बरा आहे.

हे पत्र काही टाकायची नाही. फोनवर हवा मानवली एवढंच सांगेन.

आज काकू यायच्या आत मी दुसरा टॉवेलही ओला करून वाळत घातला.

तुझी आई